अनुभव धागा: घर दिवसाच्या भाड्यानं देताना पाहुणा कसा पारखता?

आई-बाबा पुण्याला भावाकडं गेल्यापासून जुळे सोलापूरचं घर रिकामंच आहे. अक्कलकोट 40, तुळजापूर 45, पंढरपूर 75 किलोमीटरच्या आसपास, देवदर्शनाची माणसं मुक्काम इथंच टाकतात, म्हणून रोजावर द्यायचं म्हणतेय. पण आईचं कपाट, भांडी सगळं आतच आहे. किल्ली देण्याआधी काय विचारता? फसला असाल तर तेही लिहा.

*

किती जण ते विचारा, आणि परत दुसऱ्या वाटेनं विचारा. आमच्याकडं विजापूर रोडला '6 जण, फॅमिली' म्हणून बुकिंग, सहाचे आयडी पण आले, मी खूश, आणि रात्री अकराला दारात ट्रॅव्हलर थांबली, उतरतायत उतरतायत 14 माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या, आता त्यांना कुठं हाकलणार. पहाटे साडेपाचला टाकी खडखडीत, आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, टँकर माझ्या खिशातनं. तेव्हापासून 'गाडी कुठली आणताय, पार्किंग बघायचंय' एवढंच विचारतो. गाडी कळली की आकडा कळतो बे.

*

आयडीवरनं आठवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खं आधार मागू नका. मास्क्ड आधारात शेवटचे 4 आकडे दिसतात, तेवढं बास. आल्यावर मूळ कार्ड आणि तोंड जुळवून बघा.

*

मी सोलापूरच्या पत्त्यावाल्यांना देतच नव्हतो, गावात घर असताना खोली कशाला, पार्टीच असणार. गड्ड्याच्या जत्रेत एकाचा फोन आला, पत्ता इथलाच, सरळ नाही म्हटलं. नंतर कळलं बायकोचं सिझर झालेलं, यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आठ दिवस तळमजला हवा होता त्याला. लई वाईट वाटलं. आता आधी कारण ऐकून घेतो, मग नाही म्हणायचं तर म्हणतो.

*

फॉरेन पासपोर्टवाला आला तर पासपोर्ट-व्हिसा बघा आणि 24 तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरा, आधी याला फॉर्म सी म्हणायचे. आमचा पाहुणा अस्सल सोलापुरी बोलत होता, 'काय करलालाव' म्हणत आत आला, पासपोर्ट अमेरिकेचा! बोलण्यावर जाऊ नका.

*

ताई, मी म्हातारी माणूस, बुधवार पेठेत वरच्या दोन खोल्या देते. परीक्षेला आलेली चार पोरं, नको नको म्हणत ठेवून घेतली, तर जाताना खोली झाडून गेली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागून नेली. आणि ज्या जोडप्याशी फोनवर अर्धा तास गोड बोलले, सासरचं गाव सुद्धा निघालं ओळखीचं, त्यांनी दोन चादरी नेल्या. सोलापुरातनं चादर न्यावीच माणसानं, पण विकत!

*

आजी, आमच्या चादरी आईच्या लग्नातल्या आहेत. आजच कुलपात घालते.