१९९० चा रुपया : डबल डाय की नुसता मशीनचा धक्का?

राजेहो, जरा मदत करा. घाटंजीच्या बाजारात सुट्ट्या पैशांत हा रुपया आला. सालाखाली हैदराबाद टांकसाळीचा तारा आहे, पण आकडे दुहेरी दिसतात. भिंगातून पाहिलं तर दुसरी कड चपटी, पायरीसारखी, मूळ आकड्यापेक्षा खाली. म्हणजे नाणं पाडताना ठसा (छापायचा साचा) हललेला, हाच मशीनचा धक्का; जादा किंमत शून्य.

घोळ पुढेच आहे. ‘रुपया’ या अक्षरांची टोकं मात्र फाटल्यासारखी, उठावदार. खरा डबल डाय, म्हणजे ठसा बनवतानाच त्यावर नक्षी दोनदा, जराशी सरकून उमटलेली, असाच दिसतो ना? १९५५ च्या अमेरिकन लिंकन सेंटसारखा?

दुकानदार हजारांच्या गोष्टी करतो, करू द्या. कुणाकडे याच सालाचा तारावाला रुपया असला तर ताडून पाहाल का भाऊ? एकाच ठशाच्या सगळ्या नाण्यांवर तो दोष हवा. आन् फोटोसाठी उजेड कोणत्या बाजूनं धरू?