रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधड सुरू होते, अजून कोणाला असं होतं का?

जास्वंद_नाशिक

नमस्कार मंडळी, खूप दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. वय ३७, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, १२ वर्षं झाली. घरी नवरा, मुलगी यंदा दहावीला, सासरे, आणि सासूबाई, त्यांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. घराचे हप्ते चालू आहेत त्यामुळे नोकरी सोडणं हा विषयच नाही.

मला होतं काय की रविवारी चार-पाच वाजले की पोटात गोळा यायला लागतो. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीचं आर-वन (विक्रीचं रिटर्न), १४ ला टू-बी (सप्लायरनी अपलोड केलेल्या बिलांची यादी) आलं की सगळं मॅचिंग, कोणत्या तरी सप्लायरने बिल अपलोडच केलेलं नसतं मग त्याच्या मागे फोन, २० ला थ्री-बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न), आणि तोवर सॅलरीचं काम येतं. ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री साडेदहाला पण वाजतो. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते मी. गॅस बंद केलाय का हे बघायला पार्किंगमधून परत तिसऱ्या मजल्यावर जाते, कधी दोनदा. झोप लागते पण तीन-सव्वातीनला डोळे टक्क उघडे आणि डोक्यात आकडे.

मागच्या सोमवारी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला गाडीवर होते आणि अचानक श्वासच पुरेना, बोटांना मुंग्या, ओठांच्या भोवती बधिर, छाती धडाधडा. मला वाटलं गेले मी. गाडी कशीबशी कडेला घेतली, तिथे एक रसवाले आहेत त्यांच्या बाकड्यावर बसले, त्यांनी काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. पंधरा-वीस मिनिटांनी थोडं बरं वाटलं. नवरा आला, जवळच्या दवाखान्यात गेलो, ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले काही नाहीये, टेन्शन घेऊ नका. घरी पण तेच, जास्त विचार करू नकोस. अहो पण टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय, हे कोणीच सांगत नाही. त्या दिवसापासून मी फाट्यावरून जातच नाही, आतल्या रस्त्याने फिरून जाते, वीस मिनिटं जास्त लागतात.

हे हार्टचंच असेल का? मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जावं का, आणि गोळ्या सुरू केल्या तर त्यांची सवय लागते का? प्लीज अनुभव असेल तर सांगा.

रातराणी

जास्वंद, तुझं वाचताना मला माझं २०१९ आठवलं, फक्त माझं द्वारकाच्या चौकात झालं होतं आणि मी रिक्षात होते. तू जे लिहिलंयस त्याला पॅनिक ॲटॅक म्हणतात असं मला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुझं तेच आहे का ते अर्थातच डॉक्टरच सांगतील. पण मुंग्या का येतात ते मला समजलं तेव्हा अर्धी भीती गेली होती म्हणून लिहिते. घाबरल्यावर आपण नकळत भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळेच बोटं आणि ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. म्हणजे हवा कमी पडतेय असं वाटतं पण खरं तर आपण जास्त घेत असतो. तो झटका साधारण दहा मिनिटांत वर चढतो आणि मग आपोआप उतरतो. तू बाकड्यावर बसलीस आणि तो उतरला, बघ.

त्या वेळी करायचं एवढंच की श्वास सोडणं लांबवायचं. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, तोंडाने हळू, गरम चहावर फुंकर घालतो तसं. कागदी पिशवी तोंडाला लावायचा जुना सल्ला कोणी दिला तर ते करू नकोस. आणि हे झटका नसताना रोज पाच मिनिटं कर, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही, माझं तसंच व्हायचं.

ईसीजी नॉर्मल आला ते चांगलंच झालं, तरी एमडी फिजिशियनकडे एकदा जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह आणि शुगर करून घे. थायरॉईड वाढलेला असेल किंवा रक्त कमी असेल तरी अशीच धडधड होते, आणि बायकांमध्ये ते किती वेळा नुसतं टेन्शन म्हणून सोडून दिलं जातं ते मी माझ्या सख्ख्या बहिणीत बघितलंय. छातीत दुखून हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला, किंवा चालल्यावर दुखणं वाढलं तर मात्र हे पॅनिकच असेल असं घरी ठरवत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

गोळ्यांचं सांगते. दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक रोज घ्यायची, तिचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, सुरुवातीला मळमळ होते, थोडी बेचैनी उलट वाढते, मला पहिले आठ दिवस फार जड गेले. तिची नशेसारखी सवय लागत नाही पण आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. दुसरी लगेच शांत करणारी, अल्प्राझोलाम वगैरे, तिची सवय खरंच लागते, म्हणून ती थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून चिठ्ठीशिवाय आणायची नाही. मी रोजची गोळी साधारण वर्षभर घेतली, सोबत काउन्सेलिंग, आता बंद आहे.

आणि एक, फाटा टाळू नकोस. मी द्वारका टाळायला लागले, मग मुंबई नाका, मग रिक्षाच नको, मग एकटीने बाहेर पडणंच नको. जागा टाळली की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं आणि भीती तेवढीच पक्की होते.

कॉलेजरोडकर

माझं मत स्पष्ट आहे, ही कंपनी सोडा. रात्री साडेदहाला मेसेज करणाऱ्या लोकांसाठी तब्येत घालवू नका. श्वास, ध्यान हे सगळं वरवरचं आहे, मूळ कारण काम आहे. मी दोन वर्षांपूर्वी सातपूरची नोकरी सोडली, पगार कमी झाला पण शांत झोपतो.

द्राक्षबाग_निफाड

दादा, तुमचं खरं असेल पण प्रत्येकाला सोडता येत नाही ना. मी बाग सोडून कुठं जाऊ? ताईंनी सांगितलंय हप्ते चालू आहेत.

ताई, मी शेतकरी आहे, तुमच्यासारखं ऑफिस नाही पण तीनला जाग येणं मला चांगलं माहिती आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढं फुलोऱ्यात पाऊस आला तर डाऊनी (बुरशीचा रोग) आणि गळ, आणि माल तयार झाल्यावर पाऊस आला तर मणी तडकतात, म्हणजे सहा महिने मान वर आभाळाकडंच. एका वर्षी मी रात्रीतून वीस-पंचवीस वेळा मोबाईलवर हवामान बघायचो, तीन वेगवेगळी ॲप, एक म्हणतंय येणार, एक म्हणतंय नाही. बायको म्हणाली तुम्ही बघितल्याने ढग थांबणार आहेत का, तेव्हा राग आला होता मला, खूप बोललो तिला, नंतर वाईट वाटलं.

मग आमच्याकडं एक शिबिर झालं त्यात एका डॉक्टर मॅडमनी सांगितलं की काळजी बंद करायला जाऊ नका, ती होणारच, तिला टाइम ठरवून द्या. मी संध्याकाळी साडेसहा ते सातची वेळ ठेवली, ओट्यावर वही घेऊन बसतो. दिवसभरात डोक्यात जे येतं ते एका शब्दात लिहून ठेवायचं, औषध, बँक, मजूर, आणि म्हणायचं साडेसहाला बघू. संध्याकाळी एकेक घ्यायचं, माझ्या हातात आहे का नाही. फवारणी हातात आहे, तिची तारीख टाकायची. पाऊस हातात नाही, त्यावर रेघ मारायची. हवामान सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस. पहिले पंधरा दिवस हात आपोआप मोबाईलकडं जायचा, फोन बायकोकडं देऊन ठेवायचो. तीनची जाग अजून येते कधी कधी पण आता उठून वहीत एक शब्द लिहितो आणि परत पडतो. वही उशाशीच असते.

तुमचं टू-बी काय ते मला कळत नाही पण सप्लायरनं बिल टाकलं नाही हे तुमच्या हातात नाही एवढं मला कळतंय.

निवृत्त_मास्तर

जास्वंद बेटा, मी ६८ वर्षांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं. वरच्या मंडळींनी चांगलं सांगितलंच आहे, मी एकच विचारतो. तुझ्या घरात पाच माणसं आहेत. सासूबाईंच्या इन्सुलिनची वेळ कोणाच्या लक्षात असते? गॅस सिलेंडरचा नंबर कोण लावतं, मुलीच्या क्लासची फी, दूधवाल्याचा हिशोब, किराणा काय संपलाय? मला उत्तर माहीत आहे कारण माझ्या घरीही तसंच होतं. आमच्या सौभाग्यवती पण शिक्षिका होत्या, दोघं एकाच वेळी घरी यायचो, मी पेपर घ्यायचो आणि ती ओट्याशी उभी. तिला ब्लडप्रेशर लागलं तेव्हा मी म्हणायचो की तू फार मनाला लावून घेतेस. आज त्याची फार खंत वाटते मला.

काम वाटून देताना एक चूक होते. आपण म्हणतो जरा मदत करा. मदत म्हणजे आठवण तुलाच ठेवायची आणि हात दुसऱ्याचे. तसं नको, काम मुळासकट द्यायचं. इन्सुलिन हे सासऱ्यांचं काम म्हणजे फ्रिजमधली बाटली संपत आली हे पण त्यांनीच बघायचं, आणायचं पण त्यांनीच. चार दिवस गोंधळ होईल, होऊ दे, फक्त औषधाच्या बाबतीत पहिला आठवडा लक्ष ठेव.

बाकी मी रोज पहाटे गोल्फ क्लब ग्राउंडला चालायला जातो, पाऊण तास. तुला पहाट जमणार नाही, पण सुटल्यावर घरी शिरायच्या आधी वीस मिनिटं चाल, ऑफिस आणि घर यांच्यामध्ये काहीतरी मोकळं असू दे. आणि चहा किती होतो दिवसातून?

रातराणी

मास्तरकाका, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. हे मुळासकटचं मी आजच घरी दाखवते.

जास्वंद, खर्चाची भीती असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला पण लागतो. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं तर लगेचच फोन करायचा, पण नुसतं घाबरं झालंय एवढ्यासाठी पण करता येतो, मी केलाय.

जास्वंद_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण मध्ये २० तारीख होती. फिजिशियनकडे जाऊन आले, थायरॉईड ठीक, पण हिमोग्लोबिन ८.९ निघालं. डॉक्टर म्हणाले एवढ्यावर धडधड आणि दम लागणं होऊ शकतं, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का विचारलं, होतो, दोन वर्षं झाली, मी कोणाला सांगितलंच नव्हतं. सोनोग्राफी सांगितली आहे आणि लोहाच्या गोळ्या चालू केल्या. तरी त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पण पाठवलं, त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं, मी सगळा वेळ रडत होते. सध्या रोजची गोळी नको म्हणाले, आधी रक्त भरून येऊ दे आणि दर आठवड्याला काउन्सेलिंग, सहा आठवड्यांनी परत बघू.

काका, इन्सुलिन सासऱ्यांनी घेतलं. मी बोलायला गेले तर म्हणाले मला आधी का नाही सांगितलंस, मला वाटायचं तुला मी केलेलं आवडणार नाही. त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायला सुरुवात केलीय, सकाळ-संध्याकाळ किती युनिट. किराणा नवऱ्याकडे, तिथे अजून मारामारी आहे, परवा डाळच नव्हती घरात. गॅसचं असं की एकदाच बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, बंद आहे, आणि मग वळायचं नाही असं काउन्सेलरनी सांगितलंय. दोनदा परत गेले, बाकी दिवस नाही.

ऑफिसला मॅनेजरना सांगितलं की साडेआठनंतर ग्रुप म्यूट असेल, खरंच अर्जंट असेल तर फोन करा. सांगताना हात कापत होते. तीन आठवड्यांत एकच फोन आला.

फाट्यावरून पहिल्यांदा नवऱ्याबरोबर गेले, नंतर एकटी. सिंहस्थाच्या कामांमुळे सगळीकडे खोदलेलंच आहे त्यात सिग्नल पण लांबलचक, धडधडलं, चार आत सहा बाहेर करत उभी राहिले, मागचा हॉर्न वाजवत होता. सिग्नल सुटला आणि मी पण निघाले. येताना रसवाल्या काकांकडे थांबून अर्धा ग्लास घेतला, त्यांनी मला ओळखलं.

एक विचारायचं होतं, लोहाची गोळी मी सकाळच्या चहाबरोबर घेतेय, चालतं का? चहा दिवसाला सहा कप होता, आता तीन केलाय.

रातराणी

नाही गं, चहाबरोबर नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांच्यात एक-दोन तास जाऊ दे, आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर उलट चांगलं. पोटात फार मळमळलं तर जेवणानंतर घेऊ का ते डॉक्टरांना विचार. सोनोग्राफीचं काय येतं ते कळव.