आठ कामांचं इमर्जन्सी टूल घेतलं आणि फसलो. आता सुटं सुटं काय घ्यावं?

गुळपोळी
मंडळी, सल्ला हवाय. गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये नऊशे रुपयांना एक टूल घेतलं. टॉर्च, लाल ब्लिंकर, भोंगा, मॅग्नेट, पॉवर बँक, होकायंत्र, काच फोडायची हातोडी, सीटबेल्ट कटर, सगळं एकाच दांड्यात. मित्रांना कौतुकाने दाखवलंही.

परवा ताम्हिणीत रात्री साडेनऊला मागचं चाक बसलं. धो धो पाऊस. टूल काढलं तर टॉर्च मिणमिणतेय, कारण मे महिन्यात चिरंजीवांनी त्याच्यावर फोन चार्ज केला होता आणि पुन्हा चार्ज करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बटण एकच. एकदा दाबलं की मोठा उजेड, मग छोटा, मग लुकलुक, मग लाल. जास्त वेळ दाबून धरलं की भोंगा. ओल्या हातांनी लाल दिवा शोधताना तीनदा भोंगा वाजला, पलीकडच्या टपरीवरची कुत्री उठली. पत्रा ओला, मॅग्नेट घसरून चिखलात.

खरी गोची पुढेच. पाना लावायला उजेड चाकापाशी हवा आणि लाल दिवा मागे वळणावर हवा. वस्तू एक! शेवटी बायको मोबाइलचा उजेड धरून उभी राहिली, दुसऱ्या हातात छत्री. तिचं म्हणणं इथे लिहीत नाही.

बजेट दोन हजार. महिन्यातून दोनदा पुणे-माणगाव फेरी असते.

पाना_नंबर_१४
गुळपोळीभाऊ, होकायंत्राचं काय केलंत? ताम्हिणीत उत्तर दिशा सापडली का? :)

गंमत सोडा. माझं गॅरेज आहे, असली टूल्स गिऱ्हाइकांच्या गाड्यांत रोज बघतो. आत लिथियम सेल असतो. उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्ड हात लावू देत नाही, तिथे तो सेल महिनोन्‌महिने शिजतो. मागच्या उन्हाळ्यात एकाचं टूल शिवणीपासून उकललेलं आलं, सेल फुगून पुरीसारखा. पॉवर बँक गाडीत कायमची ठेवूच नका.

तुम्ही हे घ्या: साध्या पेन्सिल सेलवर चालणारा हेडलॅम्प. डोक्याला लावला की दोन्ही हात मोकळे, वहिनीही मोकळ्या. सेल आत घालून ठेवू नका, पाझरले की स्प्रिंगा खातात. सोबत पिशवीत ठेवा. आणि मागे ठेवायला परावर्तक त्रिकोण. तो बहुतेक गाडीसोबतच आलाय, डिकीत स्टेपनीपाशी बघा. निम्म्या लोकांनी त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसतं.

गुळपोळी
बघितलं. आहे. प्लास्टिकसकट. :(

काचकाम
हातोडीबद्दल मी बोलतो, काचा बसवणं हाच धंदा. पुढची मोठी काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा. ती तडकते, पण भोक पडत नाही. तिच्या नादी लागूच नका. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड. त्यांचा टवका उडाला की अख्खी काच दाणेदार होऊन खाली.

तुमच्यासारखंच एक टूल गंमत म्हणून भंगारातल्या दारावर मारून पाहिलं होतं. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला टोक बोथट झालं, कारण ते साधं लोखंड निघालं. तिसऱ्याला टॉर्चचा प्लास्टिक दांडाच तडकला. दांडा पोकळ, आत सेल आणि वायरी, घावाला वजन येणार कुठून? मग त्याच काचेच्या कोपऱ्यात स्प्रिंगवाला पंच टेकवून दाबला. टक्‌! खडीसाखर. तो पंच अंगठ्याएवढा असतो, किल्लीच्या जुडग्यात मावतो, हात उगारायला जागा लागत नाही. घेताना टोक टंगस्टन कार्बाइडचं आहे ना ते बघा. आणि मारायचं ते कोपऱ्यात. काचेच्या मध्यभागी मारणारे जास्त भेटतात.

काचेवर फिल्म असेल तर फुटलेले दाणे तिला चिकटून राहतात, लाथेने बाहेर ढकलावे लागतात. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली, तरी आमच्याकडे आठवड्याला दोन जण विचारायला येतातच.

जर्सी_सिटीची_शेवगा_शेंग
इथे अमेरिकेत ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये अशी सहा टूल्स तपासली होती, तीन हातोडीची आणि तीन स्प्रिंगची. टेम्पर्ड (तुमची टफन्ड) काच सहापैकी चारांनी फोडली. लॅमिनेटेड एकालाही फुटली नाही. स्प्रिंगवाली सरस ठरली.

लॅमिनेटेड काच आता दारांनाही येते बरं का. अपघातात माणूस खिडकीतून बाहेर फेकला जाऊ नये म्हणून. इथल्या २०१८ च्या मॉडेलांपैकी साधारण तीनातल्या एकात होती. आवाज कमी येतो म्हणून महागड्या गाड्या जाहिरातही करतात. तेव्हा आधी काचेच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा.

दोनपिल्लांची_आई
कटरबद्दल कुणीच लिहिलं नाही. माझ्या कॉम्बो टूलच्या कटरची खाच इतकी अरुंद की पट्टा आडवा शिरायचाच नाही. जुन्या पट्ट्यावर करून पाहिलं, तेव्हा कळलं की पट्टा ताणून धरायचा आणि तिरका ओढायचा. सरळ ओढला की चुरगळून पात्यात अडकतो. सैल पट्टा तर कापलाच जात नाही.

दुसरं, ठेवायचं कुठे? ग्लव्ह बॉक्समध्ये नको. पट्टा लॉक झालेला असताना ड्रायव्हरचा हात तिथवर पोचत नाही. दुहेरी टेपने चिकटवलेलं माझं टूल एप्रिलमध्ये पडलं ते थेट ब्रेकच्या पायाखाली! आता पंच-कटर किल्लीलाच आहे, आणि दुसरा मधल्या कप्प्यात झाकणाखाली, कारण धाकट्याला टकटक करायची भारी हौस.

दादरचा_डबेवाला_नाही
मी २६ जुलै २००५ ला कलिन्यात होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस झाला. काचा बंद, एसी चालू, बाहेर पाणी चढतंय आणि लोक आतच बसून राहिलेत, हे डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून या विषयात डोकं घालतो.

पाण्यात हातोडीचा वेग मरतो, म्हणून तिथेही स्प्रिंगच. पण पंच ही दुसरी पायरी. कॅनडातले प्रा. गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी माणसं बसवून गाड्या पाण्यात सोडल्या आणि अभ्यास केला. त्यांचा क्रम: पट्टा काढा, खिडकी उघडा, मुलांना आधी बाहेर काढा, मग तुम्ही. हे सगळं पहिल्या मिनिटात, गाडी तरंगतेय तोवर. तेव्हा पॉवर विंडो बहुधा चालते. ११२ ला फोन त्यानंतर. पाणी काचेपर्यंत चढलं की दाराला बाहेरून दाब येतो आणि काचही खाली सरकत नाही.

आणि अंधेरी सबवेसमोर पाणी दिसलं तर गाडी वळवा राव, टूल कसलं शोधताय!

पाना_नंबर_१४
हेडरेस्ट उपसून काच फोडायचा व्हॉट्सअॅप व्हिडिओ कुणी टाकण्याआधीच सांगतो: हेडरेस्ट त्यासाठी बनवलेलं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत ते नुसतं निघायलाच दोन मिनिटं घेतं.

गुळपोळी
सर्वांचे आभार. हेडलॅम्प एक, पंच-कटर दोन मागवले. जुनं टूल चिरंजीवांना होकायंत्र म्हणून दिलं, सेल काढून.

काल मोबाइलचा उजेड धरून चारी काचांचे शिक्के वाचले. मागच्या दोन्ही दारांवर टेम्पर्ड. पुढच्या दोन्हींवर लॅमिनेटेड! विकणाऱ्याने "काय शांत केबिन आहे बघा सर" म्हणून दहा मिनिटं घेतली होती, त्याचं कारण आता कळलं.

म्हणजे खिडकी उघडली नाही तर आम्हा दोघांना मागच्या सीटवर जाऊनच बाहेर पडायचंय. रात्री पार्किंगमध्ये तालीम केली. मी पाय गिअरमध्ये अडकवून बसलो. बायको साडीत असून अकरा सेकंदांत मागे. पंच तिच्या किल्लीला लावतोय.