खेळाडूच्या मृत्यूनंतर उरलेल्या कराराचे पैसे कुणाचे?

मैदानवेडा: ‘खेळाडू गेला की करार संपला, त्यानंतर क्लबने दिले तर तो दानधर्म’ असे लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचा फुटबॉलपटू दियोगो जोटा याच्याबद्दल काल एकाने लिहिले, ते मला फार लागले. ३ जुलै २०२५ रोजी स्पेनमधील अपघातात जोटा आणि त्याचा भाऊ गेले. लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते आणि मागे तीन मुले राहिली. उरलेल्या दोन वर्षांचे वेतन लिव्हरपूल कुटुंबाला देणार असल्याच्या बातम्या आल्या. ज्या कराराच्या भरवशावर घर उभे राहिले, त्याचे पैसे हा त्या घराचा हक्कच आहे.

जुना वकील: हा हक्क कोणत्या कलमाने मिळतो, ते सांगावे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ३७ खाली चित्रकाराचे उदाहरण दिले आहे: ठरलेल्या दिवसाआधी तो वारला, तर त्याचे वारस आणि समोरचा पक्ष यांपैकी कुणालाच तो करार बजावून घेता येत नाही. व्यक्तिगत सेवेच्या करारांबाबत इंग्लंडचा कायदाही हेच मानतो. मृत्यूपर्यंतची कमाई वारसांची. पुढच्या रकमेसाठी करारात तशी तरतूद हवी किंवा विमा हवा.

प्रवराकाठ: कलमे पाठ असणाऱ्यांनी आमच्या मामीसमोर बसायला हवे होते. मामा एका कंपनीच्या कबड्डी संघात होता, नोकरी क्रीडा कोट्यातली. तो चौतिसाव्या वर्षी गेला आणि मामीने अनुकंपा नियुक्तीसाठी सहा वर्षे खेटे घातले. त्याने जिंकलेल्या ढाली मात्र त्या कचेरीच्या कपाटात तशाच होत्या.

बंदरकर: क्लबांचे प्रेम पाहायचे असेल तर फ्रान्सच्या नाँत क्लबने वेल्सच्या कार्डिफ क्लबाला विकलेला फुटबॉलपटू एमिलियानो साला आठवा. २१ जानेवारी २०१९ रोजी नाँतहून कार्डिफला जाताना त्याचे विमान इंग्लिश खाडीत कोसळले आणि दोन्ही क्लब १.७ कोटी युरोंच्या हस्तांतर शुल्कावरून, म्हणजे त्याच्या विक्रीच्या किमतीवरून, भांडत बसले.

जुना वकील: ते भांडण खेळाडूच्या वेतनाचे नव्हतेच. हस्तांतर पूर्णत्वास गेले नव्हते, असे कार्डिफचे म्हणणे होते. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने ६० लाख युरोंचा पहिला हप्ता देण्यास सांगितले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने कार्डिफचे अपील फेटाळले.

बंदरकर: साडेतीन वर्षे! एवढा काळ त्या माणसाचे नाव विकलेल्या मालासारखे कागदोपत्री फिरत राहिले, हे आपल्याला खटकत नाही का?

जुना वकील: खटकते. पण नाँतने विक्रीचा व्यवहार पुरा केला होता, त्यामुळे त्यांची मागणी रास्तच होती. दुःखाच्या नावाखाली देणे बुडवता येत नाही.

मैदानवेडा: मग हाच न्याय विधवेला का लावत नाही? क्लबाचे देणे बुडत नाही आणि कुटुंबाचे मात्र बुडते, हे आपल्याच तोंडून आले.

प्रवराकाठ: मी सकाळपासून तेच सांगते आहे.

जुना वकील: नाँतने आपला भाग पार पाडला होता, खेळाडूचा मात्र पुढे पार पाडायचा राहिला होता, हा भेद मी सोडणार नाही. तरीही एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. बोस्टन सेल्टिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचा खेळाडू रेजी लुईस १९९३ मध्ये गेला, तेव्हा लीगने त्याचे वेतन पुढचे दोन हंगाम संघाच्या वेतनमर्यादेत (खेळाडूंच्या पगारावर संघाने किती खर्च करावा, त्या मर्यादेत) मोजले. म्हणजे मृत्यूनंतरही करार हिशेबात राहू शकतो, फक्त तसा नियम आधी लिहिलेला हवा.

प्रवराकाठ: मामाच्या नेमणूकपत्रात तसे लिहून घ्यायला त्याला कुणी सांगितलेच नव्हते.