वेगवान पिकिंगसाठी तारा आणि पिक: गोव्यातील वादकांचे अनुभव

द्रुत लयीत गिटार वाजवताना उजवा हात अडखळू लागला, की दोष सरावाचा आहे की तारेचा आणि पिकचा (तार छेडायच्या छोट्या चकतीचा), हे नवशिक्याला कळत नाही. म्हणून गोव्यातील वादकांना विनंती आहे, की आपण काय वापरून पाहिले आणि हाताला कोणता फरक जाणवला, ते मापांसह लिहावे. सुरुवात मी करतो.

पणजी, इलेक्ट्रिक गिटार. बारीक तार म्हणजे वेग, असे मला सांगण्यात आले होते. डाव्या हाताला ते खरे आहे. उजव्या हाताला मात्र बारीक तार पिकखाली जास्त दबते आणि परतीच्या फटक्याच्या वेळी अजून हेलकावत असते. तारेची कंप पावणारी लांबी २५.५ इंच असलेल्या गिटारवर ०.००९ इंचाची पहिली तार स्वरात लावल्यावर तिच्यावर सुमारे ६ किलोचा ताण असतो, तर ०.०१० इंचाच्या तारेवर तो ७.३ किलोच्या आसपास जातो, कारण ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.०१० ते ०.०४६ चा संच लावल्यावर माझे अपस्ट्रोक, म्हणजे खालून वर जाणारे फटके, सुटे ऐकू येऊ लागले. बेंड करताना, म्हणजे तार बोटाने ओढून स्वर चढवताना, बोटे दुखली, पण तेवढे मी पत्करले.

मडगाव, बरीच वर्षे शिकवतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले ०.४६ मिलिमीटरचा लवचीक पिक घेऊन येतात. तो तारेवर आधी वाकतो आणि मग सुटतो, त्यामुळे प्रत्येक स्वर किंचित उशिरा उमटतो. मी त्यांना आधी ०.८८ चा आणि हात स्थिरावल्यावर डनलॉप कंपनीचा जॅझ थ्री हा पिक देतो; तो १.३८ मिलिमीटर जाड, आकाराने लहान आणि टोकदार असतो. पिकचे टोक तारेखाली एक-दीड मिलिमीटरच उतरावे आणि कड किंचित तिरकी असावी, यावर मी हटून बसतो. खोल रुतलेला पिक कितीही चांगला असला तरी अडतोच.

मोरजी, अकूस्टिक. समुद्र जवळ असल्याने माझा खरा शत्रू गंज आहे. पावसाळ्यात साध्या ब्राँझच्या तारा तीन आठवड्यांत खरखरीत होतात, आणि वरच्या दोन पोलादी तारांवर गंजाचे ठिपके आले, की पिकची कड त्यांत अडकते व लय तुटते. ही अडचण मी दोन वर्षे माझ्या मनगटाची समजत होतो. आता लेप दिलेल्या तारा लावतो. त्या महाग पडतात, तरी तीन महिने गुळगुळीत राहतात. वाजवून झाल्यावर सुती कापडाने पुसतो आणि गिटारच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवतो.

फोंडा. मी मांडो या कोकणी गीतप्रकाराच्या साथीला वाजवते, तिथे जाड पिकने झंकार कर्कश होतो, म्हणून ०.७३ वर थांबले. घामाने तो निसटत असे. खडबडीत पकडीचा नायलॉन पिक घेतल्यावर मूठ सैल ठेवता आली.

म्हापसा. वरचा पणजीचा अनुभव वाचून कोणी जाड संच लावणार असेल, तर एक सांगतो. वाढलेल्या ताणाने माझ्या गिटारची मान पुढे वाकली आणि तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) उंच गेल्या. एका दुकानात केवळ तारा बदलून मिळाल्या, मान कोणी तपासली नाही. दुसऱ्या कारागिराने ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, पाव फेरा आवळला, तेव्हा हात पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला.