मदत हवी आहे: माळाला आणि काळ्या रानाला सोयाबीनचा एकच वाण चालेल का?

राम राम मंडळी. रेणापूर तालुका, जिल्हा लातूर. साडेपाच एकर, सगळं कोरडवाहू. त्यातलं दोन एकर माळाला आहे. वीतभर खणलं की मुरूम लागतो, मूठभर माती उचलली तर निम्मे खडेच. बाकीचं साडेतीन एकर ओढ्याकाठचं भारी काळं रान. पाऊस लागून राहिला की तिथं चार-चार दिवस वापसा येत नाही, म्हणजे रान काम करण्याजोगं सुकत नाही.

गेल्या खरिपात गावात सगळ्यांनी पेरलं म्हणून मीही दोन्हीकडे केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम पेरलं. शेंगा भरायच्या ऐन वेळी पावसानं ओढ दिली आणि माळाचं पीक त्यात सापडलं. शेंग वरून हिरवीगार, पण बोटानं दाबली की पोकळ. सोलून बघितल्या तर तीन दाण्यांत एक भरलेला, दोन चपटे. एकरी तीन क्विंटलसुद्धा झालं नाही. काळ्या रानात मात्र कमरेएवढं माजलं. ओळी मिटल्या, आत वारं शिरेना, शेवटी जागोजाग आडवं पडलं. तरी एकरी आठ क्विंटल उतरलं, म्हणून वाणाला नावं ठेवत नाही.

माळाला कोणता वाण घ्यावा? जेएस ९५-६० लवकर येतं, पण ऐन पावसात काढणीला आलं तर? आणि काळ्या रानात संगमच ठेवायचं तर बियाणं किती कमी करू? वडील म्हणतात, दोन्हीकडे जेएस ३३५ पेर, त्यानंच आपलं घर उभं केलं. त्यांना नाही म्हणायचं तर हातात पक्कं कारण पाहिजे. कुणी दोन्ही रानं केली असतील तर कृपा करून सांगा.

उत्तर:
दादा, मी परभणीकडचा. माझंही असंच दोन जातींचं रान आहे. संगमला १०० दिवसांच्या वर लागतात आणि मुरमाड रानात तेवढी ओल टिकत नाही. तुमचं माळाचं पीक त्यामुळंच गेलं. ३३५ सुद्धा ९५ ते १०० दिवसांचं, म्हणजे माळाला तेही उशिराचंच. तिथं जेएस ९३-०५ बघा. ९५-६० त्याहून लवकर येतं, पण काढणीला पाऊस लागला तर शेंगेतच दाणा खराब होतो, तुमची शंका बरोबर आहे. लवकर येणाऱ्या वाणाला फांद्या कमी, म्हणून माळाला एकरी ३० किलो बियाणं सोडू नका.

काळ्या रानात संगम राहू द्या, पण दाट पेरू नका. हे झाड पसरतं. मी रुंद सरी-वरंब्यावर टोकण करतो, म्हणजे ठराविक अंतरावर हातानं दाणे लावतो. मला एकरी १८ किलो पुरलं आणि सरीतून पाणीही निघून गेलं. दोन्हीकडे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको. घरचं बियाणं असेल तर आधी उगवण तपासा. सोयाबीनचं साल पातळ असतं, मळणीत मार लागला की उगवत नाही.

धागाकर्ता:
भाऊ, फार उपकार झाले. तुमचं उत्तर वडिलांना वाचून दाखवलं. ३३५ चे दिवस ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, माळाला तू म्हणशील ते पेर, काळ्यात एक एकर मात्र ३३५ राहू दे. राहू देतो. संगमचं बियाणं घरचंच आहे. त्यातले १०० दाणे आज ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेत, वडिलांनीच मोजून दिले. ७० च्या खाली उगवले तर बियाणं विकतच घ्यावं का, की थोडं जास्त पेरून भागेल?