खुराड्यातील उपटलेली पिसे : घरच्या ग्रुपवरील चर्चा

धाकटी सून (गावाकडील घर): सर्वांना नमस्कार. पेरणी झाल्यापासून आपल्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा खुराड्यात कोंडून ठेवावे लागत आहेत, कारण त्यांनी शेजारच्या वावरात शिरून सोयाबीनचे कोवळे कोंब उकरले आणि त्यावरून मला बरेच ऐकून घ्यावे लागले. आता नवीनच प्रकार सुरू झाला आहे. तांबडी कोंबडी इतरांच्या शेपटीच्या बुडाची पिसे उपटते आणि खाऊनही टाकते. पांढरीचा मागचा भाग उघडा पडला असून आज सकाळी तेथून रक्त आले. काय करावे, ते कृपया सांगावे.

धाकटे दीर (पुणे): वहिनी, मी शनिवारी येतच आहे. तांबडीचा रस्सा हाच यावरील उपाय आहे.

वर्ध्याची आत्या: तुझे लक्ष सदा पातेल्यात! सुनबाई, आमच्या लहानपणी आई अशा कोंबडीच्या चोचीचे टोक कापून टाकीत असे. तसे करून पाहावे का?

पुतणी (पशुवैद्यक शाखा, नागपूर): आत्याबाई, चोचीत रक्तवाहिन्या आणि नसा असतात, घरी कापल्यास रक्तस्राव होतो आणि वेदनेने कोंबडी दाणे टिपणे सोडते. शिवाय तांबडी भांडत नाही, हे आधी लक्षात घेऊ या. वर्चस्वासाठी होणाऱ्या भांडणात टोचा डोक्यावर आणि तुऱ्यावर बसतात. शेपटीजवळची पिसे शांतपणे ओढून खाणे हे दिवसभर माती उकरण्याच्या सवयीचे भलतीकडे वळलेले रूप आहे. वावरात उकरायला मिळत होते तोवर ती चोच मातीत होती, आता समोर फक्त पांढरीची पाठ आहे.

मोठे काकाजी: पोरीचे म्हणणे मला पटते. सुनबाई, खुराडे चार फूट बाय तीन फूट आहे, म्हणजे एकूण बारा चौरस फूट, आणि त्यात बारा पक्षी. रात्री दांडीवर बसून झोपण्यापुरते ते कसेबसे चालून जात होते, परंतु दिवसभर कोंडायचे तर प्रत्येक पक्ष्याला दहाएक चौरस फूट मोकळी जागा हवी. गोठ्यामागे बारा फूट बाय दहा फूट जागेला बांबूचे तट्टे लावून वरून जुने जाळे टाका, खाली सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, वीतभर पसरा आणि त्यात मूठ मूठ ज्वारी फेकत जा, म्हणजे दाणा शोधण्यात त्यांचा वेळ जाईल. शेवग्याचा पाला कोंबडीला मान उंच करावी लागेल इतक्या उंचीवर टांगा. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा, त्यात त्या लोळतील. एक मात्र सांगा, सध्या खायला काय देता?

धाकटी सून: फक्त ज्वारी आणि तांदळाची कणी, काकाजी. पूर्वी बाहेरचे किडे-मुंग्या खात असत, ते आता बंद झाले आहे.

मोठे काकाजी: मग तांबडीचा दोष निम्माच समजा. पीस जवळजवळ पूर्णपणे प्रथिनाचेच असते, आणि अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे 16 टक्के प्रथिने लागतात. ज्वारीत ती साधारण 10 टक्के असतात आणि कणीत त्याहूनही कमी. सोयाबीनच्या ढेपेत, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीत, जवळपास 45 टक्के असतात, म्हणून चार भाग दाण्यात एक भाग ढेप मिसळली की हिशेब बसतो. घरचे कच्चे सोयाबीन मात्र घालू नका. ते भाजल्याशिवाय कोंबडीला पचत नाही. गाईसाठी आणलेली सरकीची ढेपही नको, तिने अंड्यातील बलक हिरवट पडू शकतो. आठवडी बाजारातून थोडे सुके झिंगे आणून कुटून द्या, कारण सोयाबीनमध्ये जे कमी असते ते त्यातून मिळते. मात्र ते खारवलेले असतील तर आधी धुऊन वाळवा.

पुतणी: पांढरीला आजच वेगळी करावी. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्याही तेथेच टोचा मारतात, त्यामुळे एरवी साधी खोड असलेले प्रकरण जिवावर बेतते. जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावे. शक्य झाल्यास रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटीही पाहाव्यात, कारण गोचिडासारखे बारीक लाल किडे दिवसा तेथे लपतात आणि रात्री रक्त पितात.

वर्ध्याची आत्या: आणि कोंबड्यालाही थोडा दोष द्यावा. पाठीवर दोन्ही बाजूंनी सारखी पिसे गेली असतील आणि रक्त नसेल, तर ते त्याच्या पायांचे काम असते. आमच्याकडे दोन कोंबड्या उगीच वेगळ्या ठेवल्या होत्या, हे नंतर उमगले.

(अठरा दिवसांनंतर)

धाकटी सून: तट्ट्याचा वाडा केला आहे. दांडीच्या फटीत खरोखर किडे सापडले, म्हणून दांडीच बदलली. पांढरीच्या जखमेवर खपली धरून आता पिसांच्या निळसर खुंट्या फुटत आहेत. नऊ कोंबड्यांचे काहीच म्हणणे नाही. तांबडी मात्र पाला संपला की अजूनही कुणाच्या तरी शेपटीकडे वळते.

पुतणी: वहिनी, त्या खुंट्यांत रक्त असते, त्यामुळे पांढरीला आणखी काही दिवस जाळीपलीकडेच, पण इतरांना दिसेल अशी ठेवावी. तांबडीला आठवडाभर वेगळी काढावी आणि परत सोडताना रात्री अंधारात दांडीवर ठेवावी.

धाकटे दीर: म्हणजे रस्सा रद्द?

मोठे काकाजी: रद्द. आणि तू शनिवारी रिकाम्या हाताने येऊ नको, पाच किलो सोयाबीनची ढेप घेऊन ये.